पुरःस्थ ग्रंथीची सूज : न सांगितले जाणारे दुखणे

मराठीत ‘उन्हाळी लागणे’ असा एक जुना, सभ्य शब्दप्रयोग आहे. लघवी करताना होणारी आग, थेंबथेंब होणारी लघवी, पुन्हा पुन्हा जावेसे वाटणे, हे सारे त्या एका शब्दात मावते. नगर जिल्ह्यासारख्या कोरड्या मुलखात तो घरोघरी ठाऊक आहे आणि त्यावरचे उपायही ठाऊक आहेत : धने-जिऱ्याचे पाणी, खडीसाखर, पातळ ताक, दुपारची थोडी विश्रांती. बहुतेकदा तेवढ्याने भागते. या शब्दाची आणखी एक सोय आहे. दुखण्याचा दोष उन्हावर जातो आणि पुढचे काही विचारावे लागत नाही.

मात्र हीच उन्हाळी मार्गशीर्षातील थंडीतही उतरत नाही, वर्षातून तीनदा-चारदा फिरून येते, तिच्यासोबत ओटीपोटात, जांघेत, कमरेच्या खालच्या भागात किंवा गुदद्वाराच्या पुढे जिथे ‘शिवण’ असते त्या जागी खोल दुखू लागते, तेव्हा तो उन्हाचा प्रताप राहत नाही. पुरुषाच्या बाबतीत अशा वेळी एका लहानशा ग्रंथीचा विचार करावा लागतो. तिला मराठीत पुरःस्थ ग्रंथी आणि व्यवहारात सर्वजण ‘प्रोस्टेट’ म्हणतात. तिला येणाऱ्या सुजेचे वैद्यकीय नाव प्रोस्टेटायटिस.

प्रोस्टेट म्हटले की घरात आजोबांची आठवण निघते. रात्रीतून चार वेळा उठणे, धार बारीक होणे, मग दुर्बिणीची शस्त्रक्रिया, हे चित्र परिचयाचे आहे. ते वयाबरोबर ग्रंथी वाढण्याचे चित्र आहे, सुजेचे नव्हे. ग्रंथीची सूज मुख्यतः कर्त्या वयात गाठते. पन्नाशीच्या आतील पुरुष ज्या तक्रारी घेऊन मूत्ररोगतज्ज्ञाकडे जातात, त्यांत प्रोस्टेटायटिस अग्रभागी आहे. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून शंभरातील सुमारे आठ पुरुषांना तशी लक्षणे जाणवतात. म्हणजे ज्याच्या खांद्यावर पेढी आहे, मुलांची शिक्षणे आहेत, वृद्ध आई-वडील आहेत, त्याचे हे दुखणे; आणि नेमका तोच ते कुणाला सांगत नाही.

अक्रोडाएवढी ग्रंथी

तरुण निरोगी पुरुषात ही ग्रंथी साधारण अक्रोडाच्या आकाराची आणि वीस-एक ग्रॅम वजनाची असते. मूत्राशयाच्या तोंडाशी, अगदी खाली तिची जागा आहे, आणि मूत्राशयातून निघालेला मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. तिच्या मागे लागूनच गुदाशय असतो, म्हणूनच डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून तिची तपासणी करू शकतात. वीर्यातील द्रवाचा काही भाग ही ग्रंथी तयार करते. एवढी माहिती असली की बाकीचा उलगडा आपोआप होतो. मधून नळी जात असल्याने ग्रंथी सुजली की लघवी अडते आणि जळजळते. आसपास मज्जातंतूंचे व स्नायूंचे दाट जाळे असल्याने दुखणे एका जागी न राहता कमरेत, वृषणात, मांडीच्या मुळाशी फिरते. आणि दांपत्यजीवनाशी तिचा थेट संबंध असल्याने शरीरसंबंधाच्या वेळी किंवा नंतर वेदना होऊ शकते. या शेवटच्या लक्षणाची लाज सर्वांत मोठी.

‘प्रोस्टेट’ हा मूळ ग्रीक शब्द ‘पुढे उभा असलेला’ या अर्थाचा आहे. मराठी पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांनी तोच अर्थ ‘पुरःस्थ’ या शब्दात नेमका उतरवला. आयुर्वेदाच्या ग्रंथांत मूत्राघाताच्या प्रकारांमध्ये सुश्रुताने ‘वाताष्ठीला’ सांगितली आहे. मूत्राशय व गुद यांच्या मध्ये दगडी गोट्यासारखी घट्ट गाठ होऊन मलमूत्र अडते, असे ते वर्णन. आजचे वैद्य ते प्रोस्टेटच्या वाढीशी जुळवून पाहतात. चरकसंहितेत तर ‘नवेगान्धारणीय’ नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. शरीराचे जे वेग अडवू नयेत म्हणून सांगितले, त्यांत पहिला मान मूत्राच्या वेगाला दिला आहे. तो अडवल्याने बस्तीत व मूत्रेंद्रियात शूळ, लघवीला कष्ट, डोकेदुखी आणि जांघांत ताठरपणा येतो, असे तेथे म्हटले आहे. गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय ज्या शहरात आहे, त्या नगरला हा वारसा नवा नाही.

गादीवरचा दिवस

आडते बाजारातील किंवा मार्केट यार्डातील एखाद्या पेढीवरचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. कर्ता पुरुष सकाळी नऊ-साडेनऊला गादीवर बसतो. लिलाव, तोल, हमालांचा हिशेब, बँकेची वेळ, फोन, त्यात जीएसटीचे पत्रक भरण्याची तारीख. शेतकरी पट्टीसाठी समोर थांबलेला असताना उठणे बरे दिसत नाही. आणि उठून जायचे कुठे, हाही प्रश्न असतोच. कापड बाजार, दाळ मंडईसारख्या जुन्या पेठांत कित्येक दुकानांना स्वतःचे स्वच्छतागृह नसते आणि असेल ते सार्वजनिक स्वच्छतागृह वापरण्याजोगे असतेच असे नाही. मग त्यावर एक सोपा तोडगा निघतो : पाणीच कमी प्यायचे. चहा मात्र चालू राहतो. दुपारचे जेवण मागे-पुढे होते, आलेला वेग तासभर दाबला जातो, आणि पाच-सहा तासांची सलग बैठक घडते.

एवढ्यानेच ग्रंथीला सूज येते, असे विज्ञान म्हणत नाही. तथापि कमी पाण्याने लघवी दाट व दाहक होते, अडवून धरलेल्या लघवीत जंतूंना वाढायला अवकाश मिळतो, आणि सतत एकाच आसनात बसल्याने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडतात. आधीच दुखावलेल्या ग्रंथीला यांपैकी प्रत्येक गोष्ट त्रासदायक ठरते. मोटारसायकलवर खेडोपाडी वसुलीला जाणाऱ्यांचाही अनुभव असाच असतो. मधुमेह असेल तर जंतुसंसर्गाची शक्यता आणखी वाढते, आणि व्यापारी घरांत मधुमेह किती आहे हे सांगायची गरज नाही.

एक नाव, चार आजार

प्रोस्टेटायटिस हा एकच आजार नाही, आणि बहुतेक घोळ येथूनच सुरू होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ मध्ये तज्ज्ञांना एकत्र बोलावून त्याची चार प्रकारांत विभागणी केली. तीच आज जगभर वापरली जाते.

पहिला प्रकार दुर्मीळ, पण धोक्याचा. जंतूंचा अकस्मात हल्ला होतो. हुडहुडी भरून ताप चढतो, ओटीपोटात व शिवणीत असह्य दुखते, लघवीला तीव्र आग होते किंवा लघवी पूर्ण तुंबते. हे जंतू बहुधा आपल्याच आतड्यातील ई. कोलाय जातीचे असतात. येथे घरगुती उपायाला जागा नाही आणि सकाळपर्यंत थांबण्यालाही नाही. रुग्णालयात दाखल करून शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात. लघवी तुंबली असेल तर ती नळीने मोकळी करावी लागते, आणि कधी ती नळी पोटावरून थेट मूत्राशयात घालावी लागते. उशीर झाला तर जंतू रक्तात पसरतात किंवा ग्रंथीत पू साचतो. विस्ताराने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात अकोले किंवा जामखेडच्या टोकाहून नगरला पोहोचायला वेळ लागतो; म्हणून ताप आणि लघवी अडणे ही दोन लक्षणे एकत्र आली की त्याच रात्री निघावे. आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात लघवी मोकळी करून घेऊन मग पुढे जाणे अधिक शहाणपणाचे. एक बारकावा : अशा तीव्र अवस्थेत ग्रंथी चोळून द्राव काढू नये, हे डॉक्टरांना ठाऊक असते, मालिश करणाऱ्या एखाद्या भोंदूला ते ठाऊक नसते.

दुसऱ्या प्रकारात जंतू ग्रंथीत दडी मारून बसतात. औषधाने बरे वाटते, महिना-दोन महिने जातात आणि तोच जंतू पुन्हा लघवीत दिसतो. ‘गोळ्या घेतल्या की बरे, सोडल्या की पुन्हा’ अशी ज्यांची तक्रार असते, त्यांत काही जण या प्रकारचे असतात. ग्रंथीच्या आत औषध सहज झिरपत नाही, त्यामुळे येथे उपचार चार ते सहा आठवडे चालतो. पाच दिवसांच्या पाकिटाने त्याचे काही होत नाही.

सर्वाधिक रुग्ण मात्र तिसऱ्या प्रकारातले असतात. दहांपैकी सुमारे नऊ. सहा महिन्यांत किमान तीन महिने ओटीपोटाच्या खालच्या भागात दुखत राहते, लघवीच्या तक्रारी असतात, आणि कितीही शोधले तरी जंतू सापडत नाही. याला दीर्घकालीन ओटीपोट-वेदना म्हणतात. सगळा दोष ग्रंथीचाच असतो असेही नाही. आखडलेले स्नायू, चिडलेले मज्जातंतू, मनावरचा ताण, अपुरी झोप अशी अनेक सूत्रे त्यात गुंतलेली असतात. रुग्ण सांगतो तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे ऐकावे लागते, आणि तो खचतो. वेदना खरी आहे, हे येथे ठामपणे सांगितले पाहिजे. जंतू नसणे म्हणजे आजार नसणे नव्हे.

चौथा प्रकार लक्षणांशिवायचा. दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत सूज आढळते. त्याला बहुधा उपचार लागत नाही.

मेडिकलच्या दुकानातील गोळी

तिसऱ्या प्रकारात जंतू नाहीत, तर प्रतिजैविके कशाला, हा प्रश्न कुणालाही पडावा. व्यवहारात मात्र उलट घडते. लाजेमुळे डॉक्टर टाळला जातो आणि गल्लीतील मेडिकलवाल्याला, शक्यतो दुकानात दुसरे कुणी नसताना, ‘लघवीला जळजळ आहे’ एवढेच सांगितले जाते. तो सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या किंवा तत्सम गोळ्या देतो. दोन दिवसांत आराम वाटतो, पाचव्या दिवशी गोळ्या बंद होतात, महिन्याने तेच. चौथ्या-पाचव्या खेपेस हे औषध चालेनासे होते. लघवीच्या संसर्गातील ई. कोलाय जंतू या वर्गातील औषधांना आता भारतात मोठ्या प्रमाणावर दाद देत नाहीत, आणि या सवयीचा त्यात वाटा आहे.

यात आणखी एक धोका आहे, ज्याची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी तेवढी होत नाही. मूत्रमार्गाचा आणि पुरःस्थ ग्रंथीचा क्षयरोग आपल्या देशात अजूनही आढळतो. त्यात लघवीत पूपेशी दिसतात, पण नेहमीच्या कल्चर तपासणीत जंतू उगवत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या वर्गातील औषधे क्षयाच्या जंतूवरही थोडाफार परिणाम करतात. त्यामुळे रुग्णाला तात्पुरते बरे वाटते आणि खरे निदान कित्येक महिने लांबते. पू आहे पण जंतू नाही, वजन घटते आहे, संध्याकाळी कणकण असते, अशा पुरुषाने क्षयाची तपासणी करून घेतलीच पाहिजे.

म्हणून साऱ्या प्रकरणात पहिली पायरी एकच : कोणतीही गोळी घेण्यापूर्वी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर. हे काम तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होते. खर्च फार नाही. निकालाला दोन-तीन दिवस लागतात. एकदा प्रतिजैविक पोटात गेले की कल्चरचा निकाल फसवा येऊ शकतो, आणि मग वर्षभर अंदाजाने औषधे चालतात. ताप नसलेल्या रुग्णाला दोन दिवस थांबणे परवडते. ज्यांच्या बाबतीत शंका उरते, त्यांच्या लघवीचा नमुना ग्रंथीच्या हलक्या मालिशीपूर्वी आणि नंतर असा दोनदा घेऊन तुलना केली जाते. मूळची चार नमुन्यांची पद्धत मिअर्स आणि स्टॅमी या दोघांनी १९६८ मध्ये मांडली. ती किचकट असल्याने आता तिचे हे छोटे रूप पुरते.

पीएसएचा आकडा

आचार्य आनंदऋषीजी महाराजांचा जन्म १९०० मध्ये पाथर्डी तालुक्यातील चिचोंडीचा आणि महाप्रयाण १९९२ मध्ये नगरचे. त्यांच्या नावाने जैन सोशल फेडरेशनने नगरमध्ये उभारलेले रुग्णालय आज जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. अशा संस्थांमुळे आणि समाजाच्या आरोग्य शिबिरांमुळे तपासण्या करून घेण्याची सवय लागली, ही मोठी जमेची बाजू. पण शिबिरातील रक्ततपासणीत कधी ‘पीएसए’चा आकडा वाढलेला निघतो आणि घरावर सावट पसरते. चारच्या वर म्हणजे कर्करोग, असे कुणीतरी सांगितलेले असते.

पीएसए हे पुरःस्थ ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन आहे. ग्रंथीत कर्करोग झाल्यास ते वाढते, ग्रंथी वयोमानाने मोठी झाल्यास वाढते, आणि सूज आली असताना तर ते एकदम कितीही वर जाऊ शकते. त्यामुळे लघवीला आग, ताप किंवा वेदना असताना केलेल्या या तपासणीवरून निष्कर्ष काढू नये. सूज उतरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी ती पुन्हा करावी. आकडा खाली आला नाही तर पुढचा तपास मूत्ररोगतज्ज्ञ सांगतील आणि तो टाळू नये. प्रोस्टेटायटिस म्हणजे कर्करोग नव्हे. तो कर्करोगाची पायरी असल्याचे सिद्धही झालेले नाही. तसेच तिसऱ्या प्रकारची सूज पत्नीला ‘लागत’ नाही. काही तरुणांत लैंगिक संबंधातून येणाऱ्या जंतूंमुळे असा त्रास होतो हे खरे, पण म्हणून प्रत्येक रुग्णाच्या चारित्र्याकडे बोट दाखवणे हा निव्वळ अन्याय आहे. कित्येक जण केवळ या एका भीतीने गप्प राहतात, आणि भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातीतील पत्ता गाठतात.

पच्चक्खाण आणि पथ्य

व्रतस्थ घरात उपचार घ्यायचे तर काही प्रश्न वेगळे उभे राहतात, आणि ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे लागतात.

चौविहार करणाऱ्याला सूर्यास्तानंतर पाणीही नसते. डिसेंबरात नगरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. त्यात नवकारसीची ४८ मिनिटे धरली की जवळजवळ चौदा तास पाण्याविना जातात. रात्री वारंवार उठावे लागणाऱ्या रुग्णाला झोपण्यापूर्वी दोन-तीन तास पाणी बंद ठेवण्याचा सल्ला डॉक्टर स्वतःच देतात. त्या दृष्टीने चौविहार त्याला सोयीचाच आहे. अडचण रात्रीची नसून दिवसाची आहे. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत पेढीवर बसून पाणी टाळले आणि रात्रीही ते नाही, तर शरीराला पाणी मिळणार केव्हा? नवकारसी पाळल्यावर दोन पेले, मग दर तासा-दीड तासाला थोडे, आणि सायंकाळच्या जेवणाआधी शेवटचे, असे वाटून घेतले तर व्रत आणि प्रकृती दोन्ही सांभाळता येतात. उकळून गार केलेले पाणी तांब्याभर गादीजवळ असावे. लघवीचा रंग फिका राहिला म्हणजे पाणी पुरेसे झाले, असे समजावे.

दिवसातून दोनदा घ्यायच्या औषधात बारा तासांचे अंतर अपेक्षित असते. चौविहारात ते हिवाळ्यात जेमतेम दहा तासांचे होते. अशा वेळी गोळी परस्पर गाळण्याऐवजी दिवसातून एकदा घ्यायचे पर्यायी औषध आहे का, हे विचारावे, बहुधा असते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधे दूध, दही किंवा पित्तशामक गोळ्यांसोबत घेतल्यास नीट शोषली जात नाहीत, ही बाब दूध-दह्यावर भर असलेल्या घरांनी विशेष लक्षात ठेवावी. याच औषधांनी काहींच्या टाचेमागच्या शिरेला सूज येते. तशी वेदना जाणवताच डॉक्टरांना कळवावे. आणि कॅप्सूलचा प्रश्न. सामान्यतः कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. लघवी सुकर करणारे टॅम्सुलोसिन हे औषध अनेकदा कॅप्सूलमध्येच मिळते. वनस्पतिजन्य कवचाचे किंवा गोळीच्या रूपातील पर्याय असतात. औषध लिहून घेतानाच तसे सांगितले तर नंतर ते गुपचूप कचऱ्यात टाकण्याची वेळ येत नाही. तसे घडते, हे डॉक्टरांना सहसा कळतही नाही.

पर्युषणाच्या आसपास आणखी एक गोष्ट होते. चार आठवड्यांचा उपचार तिसऱ्या आठवड्यात असतो आणि अठ्ठाईचा संकल्प झालेला असतो. औषध थांबते. अर्धवट राहिलेल्या उपचाराने उरलेले जंतू अधिक चिवट होतात आणि तपश्चर्या संपता संपता ताप येतो. तपाची महती कमी लेखण्याचा येथे प्रश्नच नाही. पण पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, ठेवलेल्या आहेत. त्यांतील ‘सव्वसमाहिवत्तियागार’ हा प्रबळ व्याधीने चित्ताची समाधी ढळू लागल्यास औषधोपचाराची मोकळीक देतो. गुरुमहाराजांपाशी मोकळेपणाने प्रकृती सांगितली तर ते उपचार पूर्ण करून पुढे तप करण्याचाच मार्ग दाखवतील.

उपचार म्हणजे काय

जंतू सापडला तर कल्चरच्या निकालानुसार नेमके प्रतिजैविक, पूर्ण मुदतीपर्यंत. न सापडल्यास, म्हणजे तिसऱ्या प्रकारात, एकच रामबाण औषध नाही आणि तसे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहावे. प्रत्येक रुग्णात कोणते सूत्र प्रबळ आहे ते पाहून उपचार बेतावा लागतो. कुणाला लघवीचा अडथळा अधिक, त्याला मूत्रमार्ग सैल करणारे औषध. ते उभे राहताना चक्कर आणू शकते, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तसे सांगावे. कुणाला वेदना अधिक, त्याला काही काळ दाहशामक गोळ्या, पण मूत्रपिंडाची तपासणी करूनच. कुणाचे स्नायू आखडलेले, त्याला भौतिकोपचार.

या भौतिकोपचाराविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण तो सर्वांत दुर्लक्षित आहे आणि अनेकांना खरा आराम त्यानेच पडतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत ओढून धरलेल्या मुठीसारखे असतात. त्यांना सैल सोडायला शिकवायचे असते. गंमत अशी की मोबाईलवर पाहून पुष्कळ जण नेमका उलटा, म्हणजे ते स्नायू आवळण्याचा व्यायाम करतात आणि दुखणे वाढवून घेतात. जाणत्या भौतिकोपचार तज्ज्ञाकडून पोटाने संथ श्वास घेत हे स्नायू सोडण्याची रीत शिकून घ्यावी. कायोत्सर्गात अंग सैल सोडण्याचा सराव असलेल्याला ती अनोळखी वाटणार नाही. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसल्याने वेदना उतरते. गादीवर दर तासाला पाच मिनिटे उठून फिरावे. सामायिकाच्या वेळी आसनाची घडी जाड घ्यावी. अति तिखट, चहा, कॉफी यांनी काहींचा त्रास वाढतो. कशाने वाढतो ते प्रत्येकाने आपल्यापुरते पंधरा दिवस लिहून पाहावे. व्यापाऱ्याला रोजकीर्द लिहायला शिकवायची गरज नसते.

सुधारणा हळू होते. सहा आठवड्यांत वेदना निम्मी झाली तरी ते यश समजावे. ‘तीन दिवसांत बरे करतो’ म्हणणारा डॉक्टर शोधत पुण्या-मुंबईला चकरा मारण्याऐवजी एकाच तज्ज्ञाकडे तीन महिने जाणे जास्त फलदायी ठरते. शस्त्रक्रिया या आजारावरचा सर्वसाधारण उपचार नाही. ती सुचवली गेली तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. नगरमधील मोठी रुग्णालये आणि लोणीचे प्रवरा रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहेत.

घरच्यांचा भाग थोडा आहे, पण महत्त्वाचा. पती रात्री उठतो, चिडचिडा झाला आहे, जवळीक टाळतो, हे पत्नीच्या सर्वांत आधी लक्षात येते, आणि बहुधा ती त्याचा अर्थ दुसराच लावते. दवाखान्यात दोघांनी एकत्र जावे. ज्यांचे मोठे भाऊ किंवा वडील पेढीवर आहेत, त्यांनी धाकट्याला ‘मधेच उठून कुठे जातोस’ असे विचारणे सोडावे. आणि नव्या दुकानाचा किंवा गोदामाचा नकाशा काढताना काउंटर आणि तिजोरीच्या जागेआधी स्वच्छतागृहाची जागा ठरवावी. मालकापुरती नव्हे, हमाल आणि दिवाणजींसाठीही.

विहारातील संतांना हाच त्रास झाला तर तो सांगणे त्यांना अधिकच अवघड जाते. पाणी मर्यादित, वाटचाल लांब, मुक्काम रोज वेगळा. वैयावच्च करणाऱ्या श्रावकांनी चातुर्मासाच्या प्रारंभीच एखाद्या मूत्ररोगतज्ज्ञाला विनंती करून स्थानकात भेट घडवली, लघवीची तपासणी व आधीच्या औषधांचा कागद एका पाकिटात ठेवला आणि विहाराच्या वेळी तो पुढच्या गावच्या संघाकडे सोपवला, तर पुढच्या डॉक्टरला सुरुवात पहिल्यापासून करावी लागत नाही.